टपावरची समई

पुढच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर काहीतरी हललं, तशी सुरेंद्रने मोटरसायकल जरा जवळ घेतली. टपावरच्या कॅरिअरमध्ये पेंढ्यात गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं आडवं पडलं होतं. काथ्याने आवळून बांधलेलं होतं, पण कॅरिअरला मात्र कुणी बांधलं नव्हतं. पेंढ्यातून पितळी हंसाची चोच बाहेर डोकावत होती.

"अहो, समई आहे ती," मागून पंकजा म्हणाली. "नवी दिसते. घरी नेऊन लावेपर्यंत जमिनीवर टेकवायची नाही, म्हणून किल्ली शोधताना टपावर ठेवली असणार."

"आणि विसरले?"

"तुम्ही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधता, तसंच."

समया ओतणाऱ्यांच्या नाचियार्कोविल गावातलं एक बारसं आटपून दोघं कुंभकोणमला परत निघाली होती. या रस्त्यावर समई घेऊन जाणाऱ्या गाडीकडे कुणी मान वळवून बघत नाही. सुरेंद्रने हॉर्न वाजवला. गाडीच्या काचा बंद होत्या. आत पिकल्या केसांचे एक गृहस्थ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नाकासमोर बघत बसले होते. हॉर्न ऐकून त्यांनी गाडी थोडी डावीकडे घेतली आणि हाताने त्याला 'जा, जा' केलं. समई घरंगळत उजव्या कडेला आली.

"पुढे जाऊन थांबवा ना त्यांना."

"थांबवलं तर ते ब्रेक मारतील. गाडी थांबेल, समई थांबणार नाही."

सुरेंद्र नववीच्या मुलांना हेच शिकवत असे. बस अचानक थांबली की माणसं पुढे का झुकतात, ते तो वर्गात स्वतः झुकून दाखवी. आता त्याला ते पितळेचं वजन बॉनेटवरून रस्त्यावर उसळताना दिसलं. पुढे शाळा सुटली होती. मुली सायकलींवरून जोडीजोडीने, गप्पा मारत चालल्या होत्या आणि त्यांच्या अलीकडेच गतिरोधक होता.

"त्या गतिरोधकावर ती नक्की पडणार," तो म्हणाला. "मी बरोबरीने घेतो. तू उचल."

पंकजा काहीतरी म्हणाली. वाऱ्यात ते त्याला नीट ऐकू आलं नाही, आणि त्याने परत विचारलं नाही.

समोरून टाऊन बस येत होती. पण अंतर पुरेसं होतं, निदान त्याला तसं वाटलं. त्याने मोटरसायकल उजवीकडून गाडीला इतकी चिकटवली की दाराच्या काचेत त्याला आपलंच तोंड दिसलं. पंकजा एका बाजूला पाय सोडून, गाडीकडे तोंड करूनच बसली होती. ती पायटेकणीवर अर्धवट उभी राहिली. मोटरसायकल डुलली. बसने लांबलचक हॉर्न दिला. मग मागे एकदम वजन आलं, हँडल दाराकडे ओढलं गेलं. सुरेंद्रने ते सावरलं आणि गाडीच्या पुढे मुसंडी मारली. बसचा वारा त्याच्या कानावर चापट मारून गेला.

मागे पांढरी गाडी गतिरोधकावरून धडधडत उतरली. तिच्या बाजूने जाणाऱ्या मुली आपल्याच कशाला तरी हसत होत्या.

चहाच्या टपरीशी त्याने मोटरसायकल उभी केली आणि हात केला. गाडी थांबली. काच खाली झाली.

"छान आहे हो समई," गृहस्थ कौतुकाने तमिळमध्ये म्हणाले. "आम्हीही आत्ताच घेतली. मुलीच्या लग्नासाठी."

पंकजाला हसू आलं. आलं ते लवकर थांबेना. समई तिने पोटाशी धरली होती.

"ही तुमचीच आहे, सर," सुरेंद्र म्हणाला.

गृहस्थ खाली उतरले. टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी हात फिरवून पाहिला. "अगाई," ते मराठीत पुटपुटले.

"अहो, हे तर आपलेच निघाले," पंकजा सुरेंद्रला म्हणाली.

गोपालकृष्ण त्यांचं नाव. सुरेंद्रने त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. ब्रेक मारला असता तर समई कुठे गेली असती, गतिरोधकावर काय झालं असतं, बस किती लांब होती. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते, पण त्यांची नजर पंकजाच्या मनगटावर होती. काचेची बांगडी फुटून तिथे रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

"हिने समई धरली होती," ते म्हणाले.

"हो. दोन्ही हातांनी."

"आणि हिला कुणी धरलं होतं?"

टपरीवाला ग्लास विसळायचा थांबला.

"समया रोज ओतल्या जातात, बाळा," गोपालकृष्ण म्हणाले. आवाज चढा नव्हता. मग ते पंकजाकडे वळले. "तुम्ही गाडीत बसा, अम्मा. समई मांडीवर घ्या, अजून टेकवायची नाही. तुमच्या घरापर्यंत मी सोडतो."

पंकजाने एकदा सुरेंद्रकडे पाहिलं आणि ती गाडीत जाऊन बसली. गोपालकृष्णांनी तिचा पट्टा लावला, ते आपल्या जागेवर गेले, आणि पट्टा लावला की नाही हे पुन्हा येऊन बघून गेले.

सुरेंद्र मागून निघाला. पांढरी गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. मागच्या काचेतून पंकजाचं डोकं दिसत होतं. मोटरसायकल फार हलकी झाली होती. जरा मूठ पिळली की पुढे उसळायची. ही त्याची रोजची गाडी, पण इतकी हलकी ती त्याला सांभाळता येईना.