टक्

आबांनी हात वर केला, तसं गॅरेज गप्प झालं. लेकीनं कॉम्प्रेसर बंद केला, मग पंखा. टँकरवाल्याचा फोन वाजायला लागला, तोही त्यानं मुकाट दाबून टाकला.

हा आबांचा जुना कायदा. पिस्टनमधली पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेचं एकेक लॉक बसवायचं. लॉक खाचेत नीट बसलं की 'टक्' वाजतं, आणि ते वाजल्याशिवाय पिस्टन सिलिंडरमध्ये जायचा नाही. बाकी सगळं इंजिन लेकीनं खोलावं, लेकीनं जोडावं, पण लॉक मात्र आबांच्याच हातचं. काळ्या दगडावरची रेघ.

आज तिला भीती होती ती त्याच हाताची.

पाण्याचा टँकर ओढणाऱ्या या म्हाताऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन काल तिनं उघडलं, तर सिलिंडरच्या आतल्या लायनरला उभा चर पडलेला. पिन सरकून घासली होती. म्हणजे लॉक सुटलं होतं, आणि मागच्या वेळी ते कुणी बसवलं होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं टँकरवाल्याला आणि आबांनाही ठोकून दिलं, "तेलात माती गेली असणार." जुना लायनर कोपऱ्यात पोत्याखाली ढकलला. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण टँकरवाल्यानं संध्याकाळीच ड्रायव्हरला कामावरून काढलं, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

पहिलं लॉक बसलं. टक्. तिचा जीव भांड्यात पडला.

आबांनी पिस्टन उलटा केला, पक्कड दाबली, मनगट फिरवलं. काहीच वाजलं नाही.

"बसलं," आबा म्हणाले. "सोड आत."

"सोडा ना, ताई," टँकरवाला म्हणाला. "लोक हंडे घेऊन ताटकळलेत तिकडं."

तिनं पिस्टन हातात घेतला, पण सोडला नाही. गिऱ्हाइकासमोर आबांचा शब्द तिनं आजवर कधी मोडला नव्हता.

"टक् झालं नाही, आबा!"

"झालं. मी ऐकलं."

तिनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लॉकला नुसतं लावलं. ते उडालं आणि लोखंडी ट्रेमध्ये खणकन पडलं. आबा अजून पिस्टनकडेच बघत होते. टँकरवाला ते उचलायला वाकला, तेव्हा कुठं त्यांची मान वळली.

मग ते कोपऱ्यात गेले. लायनरची कड बाहेर डोकावत होती, ते पोतं त्यांनी बाजूला केलं. जुन्या लायनरमध्ये अंगठा घालून त्यांनी तो चर वरपासून खालपर्यंत चाचपला. लेकीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिनं आपल्याला पोटात घ्यावं.

"तुमच्या ड्रायव्हरला परत बोलवा," ते टँकरवाल्याला म्हणाले. "माती-बिती काही नव्हती. लॉक मीच अर्धवट बसवलं होतं."

टँकरवाल्यानं हातातलं लॉक परत ट्रेमध्ये ठेवलं. एवढ्या सरळ कबुलीवर भांडायचं तरी कसं?

आबांनी नवं लॉक आणि पक्कड लेकीच्या हातात ठेवली. "तू बसव. टक् झालं की मला सांग."

"तुम्हीच ऐका की, आबा." तिचा आवाज भरून आला होता.

"काय?"

ती मोठ्यानं पुन्हा म्हणाली. आबा कसनुसं हसले.

"मगाशी पहिलं बसलं, ते तरी मी कुठं ऐकलं, पोरी?"

तिनं डोळे बाहीला पुसले आणि पक्कड दाबली. सवयीनं आबांचा हात वर गेला. गॅरेजमध्ये आधीच चिडीचूप होतं. आबा वाकून बघत होते, पण लॉककडे नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.