बायकोचा पत्ता

डब्लिनच्या दवाखान्यात पडद्याआड बसलेल्या हेमांगीला बाहेरून नवऱ्याचा आवाज आला आणि पडद्याखालून दिसू नयेत म्हणून तिने पाय वर घेतले. तीन महिन्यांपूर्वी ती त्याच्या डब्लिनमधल्या घरातून पळाली होती.

"माझी बायको इथे येते ना? तिचा पत्ता हवाय."

इथे येण्याआधी, इचलकरंजीत त्याने असंच विचारल्यावर डॉक्टरांनी तिची फाईलच त्याच्या हाती ठेवली होती. ती गुपचूप गर्भनिरोधक गोळ्या घेते, हे त्याला तेव्हा कळलं होतं.

"इथे कोण येतं, हेसुद्धा आम्ही सांगत नाही. इथला कायदाच तसा आहे," काउंटरवरची बाई म्हणाली.

"मी नवरा आहे तिचा!"

"तरीही नाही."

दार जोरात आपटलं. नर्सने आत येऊन विचारलं, "तुम्ही अशा पाय वर घेऊन का बसलाय? काय झालं?"

हेमांगीने हळूच बाही वर करून दंडावरचे जुने व्रण दाखवले.

"हे त्याने केलंय."