जिभेची साक्ष

रानातलं कुठलंही जनावर मी नुसत्या चवीवर ओळखतो, असं म्हणत लॉजचा मालक हार्टमुट डोळ्यांवर रुमाल बांधून पाहुण्यांसमोर बसला. स्वयंपाकीण हिलेनी त्याच्यापुढे एकेक थाळी सरकवू लागली. या तीन थाळ्यांसाठी ती दोन दिवस खपली होती.

"स्प्रिंगबॉक हरीण! लोण्यासारखं मऊ, जरासं गोडसर." टाळ्या पडल्या. "हे ऑरिक्स, थेट गाईच्या मांसासारखं. आणि हे मोठं हरीण, कुडू! चरबी नावाला नाही, मागून काळजासारखी कडसर चव. ही जीभ चुकायची नाही. विचारा आपल्या मॅजिस्ट्रेटसाहेबांना! या हिलेनीचा नवरा शिकार केलीच नाही म्हणून शपथा घेत होता. मी त्याच्या पातेल्यातला एक तुकडा चाखला आणि भर कोर्टात सांगितलं, माझ्या रानातलं कुडू आहे. बसलाय आता तीन वर्षं आत!"

शेजारी बसलेल्या मॅजिस्ट्रेटने घास चावत मान डोलावली.

"हिलेनी मेमे, सांग सगळ्यांना, एक तरी चुकलं का?"

हिलेनीने ॲप्रनच्या खिशातून शेळीच्या गळ्यातली घंटा काढून मॅजिस्ट्रेटच्या थाळीशेजारी ठेवली.

"साहेब, तिन्ही थाळ्यांत ही एकटीच आहे. आमच्या पातेल्यात त्या दिवशी हिची बहीण होती."