राहिलेला धडा

“दारात काय ठेवलंयस?” बाबांनी विचारलं.

“पहिलं महायुद्ध,” चिंगी म्हणाली. बाहेरच्या खोलीच्या मधोमध ती डोळे मिटून उभी होती. “बेल एकानेच दाबली, पण भांडायला अख्खी इमारत बाहेर आली.”

बाबा खूश झाले. इतिहासाचा पेपर परवावर आलेला, शाळेचं शेवटचं वर्ष, आणि पोरीने सगळं विसावं शतक आपल्या दोन खोल्यांत मांडून ठेवलेलं. ही युक्ती शाळेतल्या बाईंची. घरातल्या एकेका वस्तूला एकेक धडा चिकटवायचा आणि पेपरात मनातल्या मनात घरातून फिरून यायचं. जितकं वेडंवाकडं चिकटवाल तितकं डोक्यात पक्कं बसतं म्हणे. नुसतं घोकून चिंगी मागच्या चाचणीत आपटली होती. याही वेळी आपटली तर कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती.

बाबा आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर पुस्तक, अनुक्रमणिका उघडी, हातात पेन्सिल. रंगाच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. साहेब डोक्यावर येऊन उभा राहिला तरी माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय टिक मारायची नाही, हा त्यांचा तिथला खाक्या. कारखान्याला टाळं लागलं, पण खाक्या काही सुटला नाही. आता तो आईच्या डब्या-बरण्यांवर चालायचा.

“हं, पुढे चल.”

“चपलांचं स्टँड. रशियातली क्रांती. खालच्या फळीवरच्या चपला वर जाऊन बसल्या आणि वरच्या बुटांना बाहेर काढलं.”

बाबा हसले. टिक.

“खिडकी. राष्ट्रसंघ. दिसायला दणकट, पण कडी लागत नाही. जोराचा वारा आला की उघडलीच.”

“कडी मी उद्या बसवून टाकतो.”

“पेपर होईपर्यंत हात लावू नका हं बाबा, माझा धडा जाईल.” दोघंही हसली. “मग टीव्ही. हुकूमशहा. स्वतःच बोलत सुटतो, दुसऱ्या कुणाचं ऐकून घेत नाही.”

“थांब थांब.” बाबांनी पेन्सिल वर धरली. “एक धडा राहिला.”

“नाही राहिला.”

“अगं, हा काय. राष्ट्रसंघ, मग महामंदी, मग हुकूमशहा. महामंदी कुठे गेली?”

“ती येते मला. तुम्ही पुढचं विचारा ना.”

“अहो, विचारा की पुढचं,” आतून आई म्हणाली. “मंदी काय पळून जातेय का कुठे.”

पण बाबा ऐकतात कसले. एक डबा कमी भरला तर सगळं गोदाम उपसणारा माणूस. “येते तर सांग. नेमकी हीच विचारली म्हणजे? बघू, खिडकी झाली, टीव्ही झाला. दोन्हीच्या मधे आपल्याकडे काय आहे...”

मधे खुर्ची होती. बाबांनी पेन्सिल खाली केली.

चिंगीने डोळे उघडले आणि लगेच मान खाली घातली. तिने काही मुद्दाम केलं नव्हतं. खिडकीनंतर जे आलं ते घेतलं, इतकंच. पण वर्गात बाईंनी प्रत्येकीला आपापलं घर सांगायला लावलं, तेव्हा तिने हेही सांगितलं होतं. आमच्याकडे महामंदी दिवसभर खुर्चीत बसून असते आणि चहा झाला का विचारते. वर्ग खो खो हसला होता. सगळ्यांत जास्त तीच हसली होती. आता तिला ते हसू आठवलं आणि कानशिलं तापली.

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “लक्षात राहायला सोपं.” ते उठले. खुर्चीवरचा टॉवेल त्यांनी उगाच झटकला, घडी करून हातावर टाकला आणि पुस्तक घेऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “हं, कारणं सांग.”

“बाबा, मी ती जागा बदलते. कपाटावर ठेवते.”

“परवा पेपर आहे. आता हलवाहलव केलीस तर घोळ होईल. सांग.”

चिंगी रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली. बसून बसून गादी मधे दबली होती. डोळे मिटायची गरजच नव्हती.

“माल भरमसाट झाला. घेणारं कुणी उरलं नाही. बँका बुडाल्या. कारखान्यांना टाळी लागली.”

“परिणाम?”

“लाखो माणसं घरी बसली. चांगली, कामाची माणसं. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.”

बाबांचं बोट ओळींवरून सरकत होतं. ते थांबलं, मागे गेलं, मग पुन्हा वरपासून खालपर्यंत आलं. त्यांनी पान उलटलं आणि परत आणलं.

“हे शेवटचं कुठे दिसत नाही.”

“आहे, बाबा.”

“कुठल्या पानावर?”

“आहे,” चिंगी म्हणाली. तिची मान वर झाली नाही.

बाबांनी पानावरून बोट काढलं. मग “असेल,” म्हणाले, आणि अनुक्रमणिका काढून त्यांनी महामंदीपुढे टिक मारली.