नदीकडची खोली

बदलापूरच्या त्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये नदीकडची कोपऱ्यातली खोली कधीच कुणाला देत नसत. फार पूर्वी एक मुलगी उल्हास नदीच्या पुरात वाहून गेली आणि तीच केस मोकळे सोडून त्या खिडकीत उभी राहते, असं पोरी एकमेकींना सांगत आल्या होत्या.

आता इमारत पाडायची ठरली. नवी रेक्टर शलाका खोली उघडायला गेली खरी, पण कुलपाला हात लावताच तिच्याही अंगावर काटा आला. तिने सोबतीला निवृत्त रेक्टर मालिनीबाईंना बोलावून घेतलं. बाईंचं सगळं आयुष्य याच हॉस्टेलात गेलं होतं.

दार उघडलं. आत नुसती धूळ होती.

"बाई, खरंच गेली होती का हो कुणी मुलगी?"

"छे गं. बाप तिला लग्नासाठी ओढून न्यायला आला होता आणि तिला शिकायचं होतं. तेव्हाच्या रेक्टरबाईंनी तिला या खोलीत लपवलं आणि पुरात गेली म्हणून सांगितलं. भुताची गोष्टही त्यांनीच उठवली, इकडे कुणी फिरकू नये म्हणून."

"आणि बापाला ते खरं वाटलं?"

"वाटलं ना. दर सर्वपित्रीला यायचा. या खिडकीखाली तिच्या नावाने खीर-वड्यांचं पान ठेवायचा आणि रडत कावळ्याची वाट बघायचा. कावळा काही शिवायचा नाही."

"मग?"

मालिनीबाईंनी खिडकीचे गज धरून खाली पाहिलं.

 

"मग आबा थकून निघून गेले, की मी खाली जाऊन ते पान जेवायचे."