शंभर टक्के कॉटन

"वापरलेली चादर परत घेत नाही," कमळाकर म्हणाला. "बोर्ड वाचा. एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

"परत करायला नाही आले, शेठ," बाई म्हणाली आणि तिने ह्याच दुकानाचं नाव छापलेल्या पिशवीतली चादर काउंटरवर पसरली.

कमळाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅम्प दोन ह्या वस्तीच्या बाजारात सिंधी व्यापाऱ्यांच्या दुकानांना टक्कर देत हे दुकान टिकवायला त्याने काय खस्ता खाल्ल्या होत्या, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि बोहनीच्या वेळी ही धुतलेली, चुरगळलेली चादर नव्या कोऱ्या मालावर! लोकांना लाज म्हणून उरली नाही. मोबाइलवर कुठल्यातरी हॉटेलातलं अंथरूण बघतात, तीच डिझाइन मागतात, महिनाभर त्यावर लोळतात आणि मग बोंबलत येतात. बाहेरचे असे, आणि घरचा त्याहून वरचढ. पोरगा भूपेश दुकानात बसायचं सोडून गाडी उडवत फिरतो. नातेवाइकांकडे काही पाठवायचं झालं की विचारणं नाही, पुसणं नाही, समोर दिसेल तो गठ्ठा उचलतो.

"मग आलात कशाला?" त्याने विचारलं.

बाईचं नाव यशोधरा. राहायला विठ्ठलवाडीला, काम घरोघरी आजारी माणसं सांभाळायचं. चार दिवसांपूर्वीच ती लेकीच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीकडे लागली होती.

"ही जोडीतली दुसरी," ती म्हणाली. "पहिली म्हातारीच्या अंगाखाली आहे. पाठीचं कातडं सोललंय तिच्या. घाम ह्या कापडात जिरतच नाय, खालीच साचतो. डॉक्टर बोलले, साधं सुती घाला. पण ती काढू देत नाय. कॉटनच आहे म्हणते, लेबल दाखवते मला. घरच्यांचं पण ऐकत नाय."

"बरोबर बोलते म्हातारी. कॉटनच आहे."

"नाय शेठ. पैसे नकोत मला, बदलून पण नको. तुम्ही फक्त माझ्या फोनमध्ये एवढं बोला, की आजी, हे मिक्स आहे, काढून टाका. दुकानवाल्याचा शब्द ऐकेल ती."

कमळाकर तिच्याकडे बघतच राहिला. म्हणजे ह्याने आपल्या तोंडाने आपल्या मालाला नावं ठेवायची, आणि हिने ती गावभर वाजवत फिरायचं! पलीकडे एक मायलेक टॉवेल चाचपत होत्या. त्यांचे हात थांबले होते, कान इकडे लागले होते.

"बाई, कोणी पाठवलं तुम्हाला? समोरच्या दुकानवाल्याने?"

पाण्याची बाटली काढून यशोधराने चादरीवर दोन थेंब टाकले. थेंब निळ्या पानांच्या नक्षीवर तसेच बसून राहिले.

"खळ आहे ती," कमळाकर म्हणाला. "नव्या कापडाला असते."

"किती वेळा धुतलीय, तरी खळ?"

तिने चादरीच्या मधून एक धागा ओढला, पायरीवर जाऊन काडी पेटवली. धागा आक्रसला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. ती गोळी तिने काउंटरवर आणून ठेवली. "सुताची राख होते, शेठ. हे प्लास्टिक आहे."

"शिलाईचा दोरा जळला असेल."

"मधून काढलाय. तुमच्यासमोर."

कमळाकरला हे ठाऊक नव्हतं थोडंच. शंभर टक्के कॉटन छापलेल्या लेबलांचं भेंडोळं त्याच्याच ड्रॉवरमध्ये होतं. पण त्यात त्याचं काय चुकलं? गिऱ्हाईक फुलं बघतं, पानं बघतं, पडद्याला मॅच होतंय का ते बघतं. उजेडात धरून वीण बघणारा, मुठीत चुरगाळून बघणारा महिन्यातून एखादा येतो. त्याच्यासाठी आणि घरच्यांसाठी खरं सुती माळ्यावर ठेवलेलं होतं. ज्याला पारख नाही त्याने शहाणपण शिकवू नये, असं त्याचं स्वच्छ मत होतं. आणि ही बाई भर दुकानात काडी पेटवते! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"एक माणूस कुजतंय हो तिकडे," यशोधराचा आवाज चढला. "रात्रभर कण्हते ती. एक शब्द बोलायला तुमचं काय जातं?"

टॉवेल चाचपणारी आई लेकीला म्हणाली, "चल गं, दुसरीकडे बघू."

तेवढं पुरे झालं. कमळाकरने हात पुढे केला.

"आणा तो फोन. करा रेकॉर्ड. मी घाबरतो की काय कोणाला?"

यशोधराने आशेने बटण दाबलं.

"आजी," कमळाकर खणखणीत आवाजात म्हणाला, मायलेकींना ऐकू जाईल असा. "मी दुकानवाला बोलतोय. आईशप्पथ सांगतो, माल शंभर टक्के कॉटन आहे. बिनधास्त झोपा. कोणी काही बोललं तर ऐकू नका. काय?"

निघालेल्या मायलेकी मागे वळल्या. लेकीने पानांच्या नक्षीचा सेट उचलला. "बघितलंत?" कमळाकर यशोधराला म्हणाला. "ह्याला म्हणतात गिऱ्हाईक. आता निघा, खालीपिली टायम खोटी करू नका."

यशोधराने चादरीची घडी केली. भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"मोठं पाप केलंत, शेठ. आता तर ती जीव गेला तरी काढू देणार नाय. आधीच येईल-जाईल त्याला सांगते, माझ्या कमळाकरानं भूपेशच्या हाती पाठवलीय, पोटचा पोर आईला खोटं देईल का?"