अबोला आणि याकिसोबा

नवे कापलेले केस कसे दिसतात, असं बायकोनं हौसेनं विचारलं आणि नवरा म्हणाला, "परत वाढायला किती दिवस लागतील?" तेव्हापासून चार दिवस घरात अबोला होता.

पाचव्या दिवशी दुपारी नवऱ्यानं याकिसोबा करायला घेतला, म्हणजे चिकन आणि भाज्या घालून परतलेल्या जपानी नूडल्स. बायको तिथंच टेबलापाशी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

त्यानं थंड कढईतच तेल ओतलं आणि नूडल्सचा गोळा न सोडवता तसाच आत टाकला. बायकोनं एकाच टॉवेलची तिसऱ्यांदा घडी घातली. त्यानं कोबीचे विटेएवढे तुकडे केले. तिनं ओठ घट्ट मिटले. त्यानं बाटलीतला अर्धा सॉस धो धो ओतला, तेव्हा तिनं डोळेही मिटून घेतले. ते उघडून बघते तर स्वारी सगळ्यात शेवटी, वरून, मीठ भुरभुरावं तसे कच्च्या चिकनचे तुकडे भुरभुरत होती.

"अरे, चिकन आधी!" ती किंचाळलीच. टॉवेल फेकून तिनं त्याच्या हातातलं उलथणं हिसकावलं. "वीस वर्षं हॉटेलात हेच परततोस ना दिवसभर? लोक रांगा लावून खातात! मग घरीच काय धाड भरली?"

नवऱ्यानं गुपचूप गॅस बारीक केला.

"तिथं कुणाला बोलतं करायचं नसतं," तो म्हणाला.